एकही वाक्य न उरलेलं भाषण: नॅन्टकेट बेट आणि फ्रेडरिक डग्लस

कुणाच्या भेटीची आठवण जागवायची तर हाताशी काहीतरी लागतं. भाषणाची प्रत, एखादा फोटो, बसायला दिलेली खुर्ची, काहीच नाही तर ती वास्तू तरी. आपल्याकडे कितीतरी वस्त्यांमध्ये बाबासाहेब येऊन गेल्याची एखादी खूण घरात जपून ठेवलेली असते आणि आल्यागेल्याला ती दाखवली जाते. अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटाची पंचाईत अशी की त्यांच्याकडे यातलं काहीच नाही.

ऑगस्ट १८४१ मध्ये गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस या बेटावर आले आणि मोठ्या, बहुतेक गोऱ्या श्रोत्यांपुढे आयुष्यात पहिल्यांदा बोलले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, आणि कायद्याच्या नजरेत मेरीलँडमधल्या एका मालकाचा पळून आलेला माल. अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या वक्त्याची सुरुवात तिथे झाली. त्या भाषणाची प्रत मात्र उरलेली नाही. इतर कुणाचं सोडा, खुद्द डग्लस यांनी १८५५ च्या आपल्या दुसऱ्या आत्मचरित्रात लिहून टाकलंय की मी केलेल्या भाषणांपैकी बहुधा हे एकच असं, ज्यातलं एकही सलग वाक्य मला आठवत नाही. आणि ज्या इमारतीत ते झालं ती पाच वर्षांच्या आत जळून खाक झाली.

मग दर वर्षी आठवण काढायची ती नेमकी कशाची? हे प्रकरण मला त्यासाठीच महत्त्वाचं वाटतं. भाषण हरवलं की त्या रिकाम्या जागेत यजमान स्वतःलाच बसवतात.

बेट आणि पाहुणा

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापासून साधारण ४८ किलोमीटर समुद्रात नॅन्टकेट आहे. लांबी जेमतेम बावीस-तेवीस किलोमीटर, धुकं बारमाही पाहुण्यासारखं. १८४० च्या जनगणनेत वस्ती नऊ हजारांच्या आसपास होती. धंदा एकच, व्हेलची शिकार. व्हेलची चरबी कढवून काढलेल्या तेलावर दूरदूरच्या शहरांतले दिवे जळत आणि त्या तेलाचा पैसा या वाळूच्या ढिगावर साठत असे. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या, साध्या राहणीच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा इथे जोर होता. गलबतांना खलाशी कमी पडत, त्यामुळे काळ्या माणसालाही काम मिळे, आणि काम मिळालं की हिशेबाचा प्रश्न उभा राहतोच. १७७३ मध्ये ‘फ्रेंडशिप’ गलबतावरून परतलेल्या प्रिन्स बॉस्टन या गुलाम खलाशाची कमाई गलबताचे मालक विल्यम रॉच यांनी त्याच्या धन्याकडे न देता त्याच्याच हातावर ठेवली. धनी कोर्टात गेला आणि हरला. बेटावरची गुलामगिरी त्यानंतर उरली नाही म्हणा ना.

डग्लस यांची गोष्ट पुष्कळांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. ३ सप्टेंबर १८३८ रोजी ते बाल्टिमोरहून खलाशाच्या वेशात, दुसऱ्या एका स्वतंत्र काळ्या खलाशाचे उसने कागद खिशात घालून, रेल्वेने पळाले. न्यूयॉर्कमध्ये ॲना मरी यांच्याशी लग्न झालं आणि जोडपं न्यू बेडफर्ड या बंदरात जाऊन राहिलं. लाकूड फोडणं, गलबतं भरणं-उतरवणं, पितळेच्या ओतकामाच्या कारखान्यात भाता चालवणं, मिळेल ते काम त्यांनी केलं. विल्यम लॉइड गॅरिसन यांचं ‘लिबरेटर’ हे गुलामगिरीविरोधी पत्र ते नेमाने वाचत आणि काळ्या लोकांच्या छोट्या चर्चमध्ये बोलत. तिथे विल्यम कॉफिन या गृहस्थांनी त्यांना ऐकलं होतं.

ऑगस्ट १८४१ मध्ये गुलामगिरीविरोधी मंडळींची सभा नॅन्टकेटला भरली. न्यू बेडफर्डहून बेटाकडे निघालेल्या बोटीवरच पहिली ठिणगी पडली. काळ्या प्रवाशांना वेगळं बसवल्याशिवाय बोट सोडणार नाही, असं कप्तानाने सांगितलं. शेवटी गोरे-काळे सगळेच वरच्या डेकवर गेले आणि वाटेत तिथेच निषेधाची सभा घेतली. स्वातंत्र्याचं बेट म्हणून ज्याची ख्याती, त्याच्याकडे जाणारी बोट ही अशी होती.

सभा झाली ती ‘अथेनियम’मध्ये. आपल्याकडच्या जुन्या नगर वाचनालयासारखी ही संस्था: वर्गणीदारांचं ग्रंथालय आणि सोबत व्याख्यानांचं सभागृह. १८३६ पासून तिथे ग्रंथपाल होत्या मराया मिचेल, ज्यांनी पुढे १८४७ मध्ये दुर्बिणीतून धूमकेतू शोधला. कॉफिन यांनी डग्लस यांना हुडकून काढलं आणि चार शब्द बोला म्हणून गळ घातली. डग्लस यांनी १८४५ च्या पहिल्या आत्मचरित्रात ११ ऑगस्ट ही तारीख दिली आहे आणि मनातलंही सांगितलंय: मी आतून गुलामच होतो, गोऱ्यांसमोर बोलायच्या कल्पनेनेच दडपून गेलो होतो, पण काही क्षण बोललो आणि जरा मोकळं वाटू लागलं. दहा वर्षांनंतरच्या पुस्तकात चित्र जास्त उघडं आहे. धड उभं राहता येईना, अडखळल्याशिवाय दोन शब्द फुटेनात, अंगाचा कण न् कण थरथरत होता.

त्यांच्यामागून गॅरिसन उठले आणि या तरुणाच्या बोलण्यालाच आपला विषय करून कडाडले. हजर असलेल्यांनी पुढे लिहून ठेवलंय की त्यांनी सभेला सवाल केला: आपण आत्ता ऐकलं ते कुणाला, एका वस्तूला की माणसाला? सभागृहातून एका आवाजात उत्तर आलं: माणसाला, माणसाला!

वाचताना अंगावर काटा येतो, मलाही आला. पण जरा थांबून पाहिलं तर गंमत कळते. बोलणाऱ्याचं काहीच उरलेलं नाही आणि ऐकणाऱ्यांची आरोळी तेवढी शाबूत आहे. थरथरत्या माणसाने काय सांगितलं ते विरून गेलं, आम्ही त्याला माणूस ठरवलं हे राहिलं. त्या आरोळीभोवती उत्सव उभारला की तो डग्लस यांचा कितपत आणि टाळ्या वाजवणाऱ्यांचा कितपत, हे ज्याचं त्याने ठरवावं.

(सभेनंतर मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचे जॉन कॉलिन्स यांनी त्यांना फिरता वक्ता म्हणून नेमलं. डग्लस तीन महिन्यांच्या बोलीने तयार झाले. पुढे याच मित्रमंडळींनी सल्ला दिला की तू फक्त हकिकत सांग, तत्त्वज्ञान आम्ही पाहून घेऊ. आणि बोलण्यात थोडा मळ्यावरचा गावठी ढंग राहू दे, फार शिकलेला वाटलास तर लोक विश्वास ठेवणार नाहीत. ज्यांनी ‘माणूस’ म्हणून पुकारा केला त्यांनाही माणूस आपल्या मापाचाच हवा होता.)

चौकातली माणसं

आता खरा मुद्दा. डग्लस यांना बेटावर आणणारी सभा आभाळातून पडली नव्हती. अथेनियमपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर पाच रस्ते एकत्र येतात, तो ‘फाइव्ह कॉर्नर्स’ चौक. त्या भागाला पूर्वी ‘न्यू गिनी’ म्हणत, म्हणजे सरळ सांगायचं तर काळ्यांची वस्ती. त्यांनी १८२० च्या दशकात तिथे स्वतःचं सभागृह बांधलं. चर्चही तेच, शाळाही तीच, सभाही तिथेच. ‘आफ्रिकन मीटिंग हाऊस’ म्हणून ती छोटीशी लाकडी इमारत आजही उभी आहे.

या वस्तीत अ‍ॅब्सलम बॉस्टन राहत. प्रिन्स बॉस्टन यांच्याच घराण्यातले. १८२२ मध्ये ‘इंडस्ट्री’ या व्हेलमारी गलबताचे ते कप्तान होते आणि गलबतावरचे सगळे खलाशी काळे होते. इथेच एडवर्ड पॉम्पी राहत, ‘लिबरेटर’चे बेटावरचे एजंट. म्हणजे जे पत्र वाचून डग्लस घडत होते, ते या वस्तीतही वाचलं जात होतं.

आणि इथेच आर्थर आणि लुसी कूपर राहत. त्यांची हकिकत जरा सविस्तर सांगतो, कारण १८४१ ची मुळं तिच्यात आहेत. हे जोडपं व्हर्जिनियातून पळून आलेलं. १८२२ मध्ये मालकाचा माणूस त्यांना पकडायला बेटावर येऊन धडकला. घराला वेढा पडायच्या बेतात असताना वस्तीतले लोक दाराशी जमले आणि क्वेकर मंडळींनी त्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवलं. तेवढ्यात कूपर यांना मागच्या बाजूने काढलं, अंगात क्वेकरांचा लांब कोट, डोक्यावर रुंद काठाची हॅट. रस्त्याने एक क्वेकर चाललाय असंच कुणालाही वाटावं. ऑलिव्हर गार्डनर यांच्या घरात त्यांना लपवलं गेलं. गार्डनर यांची मुलगी ॲना तेव्हा सहा वर्षांची. घरात कुणाला तरी लपवलंय आणि त्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, हे ज्या वयात लेकरू शिकलं ते जन्मभर विसरलं नाही.

ॲना गार्डनर मोठ्या होऊन फाइव्ह कॉर्नर्सच्या त्याच शाळेत शिक्षिका झाल्या आणि १८४१ ची सभा भरवणाऱ्यांमध्ये होत्या, वय पंचवीस. त्यांच्या विद्यार्थिनींमध्ये एक होती युनिस रॉस. १८४० मध्ये, सतराव्या वर्षी, युनिसने गावच्या हायस्कूलची प्रवेश परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाली. गावसभेत मतदान झालं आणि तिला प्रवेश द्यायचा नाही असं ठरलं.

तारखा पुन्हा एकदा पाहा. १८४० मध्ये गाव एका काळ्या मुलीला शाळेच्या दारातून परत पाठवतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावात लोक काळ्या वक्त्यासाठी ‘माणूस, माणूस’ म्हणून गर्जतात. दोन्ही वेळचे लोक तेच होते असं मी म्हणत नाही. पण गाव तेच होतं, आणि नऊ हजारांच्या बेटावर कुणी कुणाला अनोळखी नसतं.

पुढच्या वर्षी, १८४२ च्या सभेत, गुलामगिरीविरोधी वक्ते स्टीव्हन फॉस्टर यांनी गुलामगिरीशी जुळवून घेणाऱ्या चर्चला आणि पाद्र्यांना चोरांची टोळी म्हटलं. गाव खवळलं. दगड आले, सडकी अंडी आली, दंगल झाली. दूरच्या दक्षिणेतल्या मालकांना शिव्या दिल्या तोवर ठीक चाललं होतं, बोट आपल्या चर्चकडे वळलं तसा पाहुणचार संपला. फॉस्टर यांनी नंतर आपलं म्हणणं पुस्तिकेच्या रूपात छापलं, तेही नॅन्टकेटच्याच नॅथॅनियल बार्नी यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात. म्हणजे या सभेचं निदान कागदावर पुष्कळ काही उरलं. पण १८४१ ची जितकी आठवण काढली जाते, तितकी १८४२ ची निघत नाही.

शाळेचं भांडण मात्र वस्तीतल्या लोकांनी सोडलं नाही. मध्यंतरी गुलामगिरीविरोधी माणसं शाळा समितीवर आली आणि काळ्या मुलांना गावच्या शाळांत जागा मिळाली. पुढच्या निवडणुकीत ती समिती पडली आणि मुलांना पुन्हा वस्तीतल्या शाळेत हाकललं. पालकांनी त्या शाळेवर बहिष्कार टाकला. १८४५ च्या सुरुवातीला पॉम्पी आणि आणखी १०४ जणांच्या सह्यांचा अर्ज राज्याच्या विधिमंडळाकडे गेला. त्याच वर्षी कायदा झाला: बेकायदा शाळेबाहेर ठेवलेल्या मुलाला गावाकडून नुकसानभरपाई मागता येईल. कप्तान बॉस्टन यांच्या मुलीला, फीबीला, शाळेत घेईनात तेव्हा त्यांनी गावाला कोर्टात खेचलं. १८४६ मध्ये नवी समिती आली, शाळा सगळ्यांना खुल्या झाल्या.

त्याच १८४६ च्या १३ जुलैच्या रात्री गावात आग लागली. बंदरालगतच्या वखारींत व्हेलचं तेल ठासून भरलेलं. पिंपं फुटली आणि पेटतं तेल पाण्यावर पसरलं. गावाचा मोठा भाग, त्यात अथेनियम आणि तिथला सगळा ग्रंथसंग्रह, राख झाला. नवं, पांढऱ्या खांबांचं अथेनियम १८४७ मध्ये उघडलं. युनिस रॉस हायस्कूलच्या वर्गात जाऊन बसली तीही १८४७ मध्येच. तोवर ती चोवीस वर्षांची झाली होती.

स्मरणाचं काय झालं

आज पाहुण्याला दाखवलं जातं ते ग्रंथालयाचं सभागृह म्हणजे आगीनंतर बांधलेलं. जागेचा अभिमान खोटा नाही, पण डग्लस थरथरत उभे राहिले ती फळी त्याच्याखाली नाही. दुसरी इमारत, वस्तीतली, ती मात्र अस्सल आहे आणि तिची कित्येक वर्षं आबाळ झाली. व्हेलचा धंदा बसला, वस्ती पांगली. फ्लॉरेन्स हिगिनबॉथम या काळ्या बाईंनी शेजारचं घर आणि पुढे ती इमारतही विकत घेतली, म्हणून ती पाडली गेली नाही. मधल्या काळात तिचा गॅरेज म्हणूनही वापर झाला. बॉस्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास संग्रहालयाने १९८९ मध्ये ती घेतली आणि १९९९ मध्ये दुरुस्त करून लोकांसाठी उघडली. आता ‘ब्लॅक हेरिटेज ट्रेल’ या पायवाटेवर गावातली आणि चौकातली अशी दोन्हीकडची ठिकाणं जोडलेली आहेत. स्मरणाच्या दृष्टीने नॅन्टकेटने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम मला हेच वाटतं. कारण चालत गेलं की अंतर पायाला कळतं.

मार्च २०१८ मध्ये या इमारतीच्या दारावर कुणीतरी रात्रीत स्प्रे पेंटने वर्णद्वेषी शिवी लिहून ठेवली, पुढे ‘निघून जा’ अशा अर्थाचा शब्द. रंग पुसला गेला. लोक जमले, निषेध झाला. पण ज्या गावाला १८४१ च्या एका संध्याकाळीच आपण पास झालो असं वाटतं, त्याला अशा सकाळी काय बोलावं ते सुचत नाही.

इथे मला जोतीराव आठवतात, आणि ओढूनताणून नव्हे. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष उदारतेबद्दल. पण अर्पणपत्रिका तिथे थांबत नाही. माझ्या देशबांधवांनी हा कित्ता आपल्या शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून मुक्त करताना गिरवावा, असं ते लगेच म्हणतात. परक्यांच्या चांगुलपणाची आठवण जोतीरावांनी काढली ती घरच्यांना बोचावी म्हणून. नॅन्टकेटला स्वतःच्याच चांगुलपणाची आठवण काढायची आहे. हे काम किती अवघड आहे ते आपल्या गावांतल्या पाट्या आणि हार पाहूनही समजतं: अमुक महापुरुषांनी येथे पाऊल ठेवले. त्या दिवशी गावातल्या कुठल्या विहिरीवर कुणाला पाणी भरू दिलं जात होतं, ते पाटीवर कधी नसतं.

उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या अनेक गावांत लोक जमून डग्लस यांचं ‘गुलामाला चार जुलै (म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन) काय होय’ हे भाषण आळीपाळीने मोठ्याने वाचतात. उपक्रम उत्तम आहे, आणि ते भाषण तर आगच आहे. पण ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये ५ जुलै १८५२ रोजी झालं. नॅन्टकेटच्या हरवलेल्या भाषणाची जागा त्याने भरून काढायची म्हणजे शेजारच्या घरातला फोटो आणून आपल्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. शिवाय बेट आता बदललंय. २०२० च्या जनगणनेत वस्ती १४,२५५, उन्हाळ्यात कितीतरी पट. घरांच्या किमती कोट्यवधींत. आणि तिथली स्वयंपाकघरं, बागा, बांधकामं पुष्कळशी जमैका, एल साल्वाडोर अशा ठिकाणांहून आलेल्या माणसांच्या हातांवर चालतात. सभागृहात खुर्चीवर कोण बसतं आणि कार्यक्रमानंतर खुर्च्या कोण उचलतं, हा प्रश्न तिथे अजून शिळा झालेला नाही.

मला विचाराल तर ११ ऑगस्टला वाचावा तो १८४५ चा अर्ज. तो बेटावरचाच आहे आणि शाबूत आहे. वाचनाची सुरुवात अथेनियममध्ये करावी, मग सगळ्यांनी चालत चौकापर्यंत यावं, आणि मीटिंग हाऊसच्या दाराशी एकशे पाचही नावं एकेक करून घ्यावीत. घाई न करता वाचली तरी दहा मिनिटं लागतील. त्या अर्जाबरोबर युनिस रॉसचा स्वतःचा वेगळा कागदही विधिमंडळाकडे गेला होता, अगदी थोडक्या ओळींचा. तिने लिहिलंय की १८४० मध्ये शाळा समितीने तिची परीक्षा घेतली, हायस्कूलसाठी ती पुरेपूर पात्र ठरली, आणि गावाने मतदान करून तिला प्रवेश नाकारला. कारण काय असावं, तेही तिने लिहिलंय: आपला रंग. खाली सही.